किलकेनीला पाठवलेला कोट

“बसत नाही गं, निघतेच,” असं म्हणून ती दोन कप चहा उभ्याउभ्या संपवायची. खांद्यावरची पर्स उतरायची नाही, हातातली गाडीची किल्ली सुटायची नाही. निघून जायचं कुठे, हे मात्र तिलाही ठाऊक नसायचं. पायाला भिंगरी लागलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. ही त्यातलीच.

हेन्डरसनच्या एका दवाखान्यात आम्ही दोघी कामाला होतो. मी नर्स, ती औषधांच्या काउंटरवर. त्याआधी ती नऊ वर्षं आयर्लंडमध्ये, किलकेनी नावाच्या जुन्या शहरात होती. इथे, पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, नोकरी मिळाली म्हणून ती एकटीच पुढे आली. नवरा आणि मुलगी शाळेचं वर्ष संपलं की येणार होते. ते वर्ष संपलं, दुसरंही संपत आलं. मुलगी म्हणायची, मैत्रिणींना सोडून येणार नाही. नवरा म्हणायचा, समजावतो.

आमची रविवारची सकाळ म्हणजे तिकडची शनिवारची संध्याकाळ. बापलेक फिरायला बाहेर पडायचे आणि ही आमच्या भाजीबाजारातून फोनवर त्यांची सहल चालवायची. “किल्ल्याच्या बागेतून जा. नदीकाठ नको, चिखल असेल. हां, आता डावीकडे वळा!” दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मी निमूट डावीकडे वळायचे आणि समोर कोबीचा ढीग यायचा.

“तू कुठे चाललीस?” ती मलाच विचारायची.

इथलं मात्र काही बघायला तयार नसायची. “ते आले की एकदमच बघू.” एकदा बळेच समुद्रावर नेलं. पार्किंग किती लांब, कपडे बदलायला खोली आहे का, एवढं पाहून म्हणाली, “ठीक आहे. चला.” आमचे पाय अजून भिजलेही नव्हते.

खरेदीत मात्र तिचं डोकं मानायला हवं. इथला हिवाळा सरतो तेव्हा तिकडे थंडी सुरू व्हायची असते. इथे सेल लागला की ती मुलीसाठी कोट शोधायला निघायची आणि माप घ्यायला माझ्या ईशाला बरोबर न्यायची. “दोघी एकाच महिन्यातल्या. काय फरक असणार?”

“मावशी, आय ॲम बॉइलिंग!” ईशा ओरडायची. तरी हात पसरून उभी राहायची बिचारी. ही खांदे चाचपायची, बाह्या ओढायची, तिला चालायला लावायची आणि मगच कोट घ्यायची.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी मुलगी तो नवा कोट घालून फिरायला निघाली. बाजारात उभ्या राहून आम्ही दोघी फोनवर बघत होतो. बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर संपत होत्या. बटणं लागत नव्हती. शेजारी बाप उभा होता आणि तिचं डोकं त्याच्या कानापर्यंत पोचलं होतं.

“इट्स ग्रँड, आई. बटणं नाही लावत,” मुलगी म्हणाली आणि बाह्या खाली ओढत राहिली. तिला आईचं मन मोडायचं नव्हतं, हे एवढ्या लांबून मलाही दिसत होतं.

फोन ठेवल्यावर ही रताळ्यांच्या पेट्यांशेजारी एका रिकाम्या खोक्यावर बसली. “रोज बघते गं मी तिला,” ती म्हणाली. “पण फोनवर चेहराच दिसतो.” रडू मला आलं, तिला नाही.

सोमवारी तिने राजीनामा दिला. इथेच अल्बनीला राहणारा तिचा भाऊ तावातावाने आला. “अगं, इतकी चांगली नोकरी! सुट्टीत बोलाव तिला, चार बीच दाखव. राहील ती.”

“तिने का यायचं?” ही म्हणाली. “उठून मी आले होते ना?”

भाऊ चहाही न घेता गेला.

पोचल्यावर ‘पोचले’ एवढंच तिने कळवलं. मग बरेच दिवस काही नाही. एका रविवारी सकाळी मीच फोन लावला. तो वाजून वाजून थांबला आणि जरा वेळाने दोन ओळी आल्या. ‘दुकानात आहोत. कोटावरून आमचं दोघींचं जोरात भांडण चाललंय. नंतर बोलते.’

त्याला आता पाच महिने झाले. तिचं ‘नंतर’ काही उजाडलेलं नाही. तिची फार आठवण येते, रागही येतो. पण मी पुन्हा फोन लावत नाही. रविवारी सकाळी तर नाहीच.