बेडकीची नाडी

आमच्या चिंचवडात तेव्हा पत्रिका बघून लग्नं ठरत. पण मला मागणी घालणाऱ्या तळेगावच्या बाई म्हणाल्या, "पत्रिकेतलं खरं कळेपर्यंत अर्धा जन्म जातो. मला मुलीची प्रकृती दाखवा." त्यांचा मुलगा पिंपरीच्या नव्या कारखान्यात इंजेक्शनची औषधं करायचा. त्याच्या आईचा विश्वास मात्र नाडी बघणाऱ्या वैद्यबुवांच्या तीन बोटांवर.

प्रकृती म्हणजे ताप-खोकला नव्हे, स्वभाव. वाताचा माणूस चंचल, पित्ताचा तापट, कफाचा थंड. मी कशाची, ते अख्ख्या आळीला ठाऊक होतं. बोहारणीनंसुद्धा आमच्या दारी थांबणं सोडलं होतं.

आणि मला ते स्थळ हवं होतं, अगदी मनापासून. बघायला आले तेव्हा माझ्या हातचे पोहे खारट झाले होते. बाकीच्यांनी पाण्याचे तांबे रिकामे केले. मुलगा मात्र बशी संपवून म्हणाला, "अजून आहेत का?"

आईनं मग माझं पित्त उतरवायचा विडा उचलला. सकाळी गुलकंद, दुपारी सब्जा, जेवणावर मोरावळा. "हसत ऱ्हा," ती बजावायची, "आन् त्वांड उघडू नगं." त्या गोडानं माझं डोकं जास्तच फिरलं.

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही सगळे वैद्यबुवांकडे गेलो. नाडी उपाशीपोटी बघायची असते, म्हणून मला चहासुद्धा दिला नव्हता. त्यांनी माझा डावा हात धरला. "राग येतो का, बाळ?"

"न्हाई वो, गाय हाय गाय," आई म्हणाली.

"झोप?"

"पडली की लागती."

"भूक सहन होते?"

"दिसभर काय मागत न्हाई बगा."

माझा तोल सुटला. "हात माझा, पोट माझं, मग मला विचारा की! आणि भूक लागलीय मला!"

आईनं कपाळाला हात लावला. वैद्यबुवांनी शांतपणे डोळे मिटले. "बेडकीसारखी उड्या मारतेय नाडी. चोख पित्त." सगळं संपलं असं वाटून मला रडू आलं.

तळेगावच्या बाई पदर सावरत पुढं सरकल्या. "नक्की ना? नीट बघा हं. आमच्याकडे नवरा कफाचा, मुलगा कफाचा. दूध उतू गेलं तरी दोघं बघत बसतात. एकटीनं ओरडून माझा घसा बसलाय हो!"

तिथंच लग्न ठरलं. सासूबाईंची एकच अट होती. माहेराहून गुलकंदाची बरणी आणायची नाही.