पायाळू मुलीने दाखवलेली विहीर

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझं डोकं आधी आलं नाही, पाय आले. नाशिकमध्ये हे कुणाला सांगितलं तर फार तर आईची चौकशी होते. नांदगावकडच्या आमच्या गावात मात्र त्याने आयुष्यभराची कामं मागे लागतात. पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं, पुरलेलं सोनं दिसतं, आणि कुणाच्या पाठीत उसण भरली तर त्याच्या लाथेने ती उतरते. लाथेचं काही प्रमाणात खरं असावं. लहानपणी मी अर्ध्या गावाला लाथा घातल्या आणि सगळे आपापल्या पायांनी घरी गेले.

आमचा भाग वाळवंट नाही, पण मे महिन्यात उन्हात उभं राहून फरक सांगणं अवघड आहे. अशा ठिकाणी लोक पाण्याच्या गोष्टी सांगतात. आमच्या गावची गोष्ट अशी : डोंगराच्या पोटातून एक नदी निघते आणि जमिनीखालूनच गोदावरीला जाऊन मिळते. एका मोठ्या दुष्काळात लमाणांचा तांडा सोनं लादलेले बैल घेऊन इथून चालला होता. बैल तहानेने बसले. लमाणांनी खड्डा खणला, नदी लागली, आणि नदीने तांडा, बैल, सोनं सगळं आत ओढून घेतलं. अजूनही दुपारी जमिनीला कान लावला तर घुंगरं वाजतात म्हणे. मी लावला आहे. कान भाजतो.

मी आठ वर्षांची असताना वडिलांनी विहीर खणायची ठरवली. घरातच पायाळू मुलगी असल्यावर बाहेरचा पाणाड्या कशाला आणायचा? ऐन दुपारी मला अनवाणी शेतात सोडलं. बोलायचं नाही, मागे बघायचं नाही, पाय थांबतील तिथे थांबायचं, एवढंच सांगितलं होतं. वडील दहा पावलं मागे. जमीन तापलेली होती आणि मला लघवीला लागली होती. बांधाच्या अलीकडे मी थांबले, कारण पुढे जाणं शक्य नव्हतं. वडिलांनी तिथे कुदळ मारली.

ती विहीर दोन उन्हाळे खणत होते. वडील स्वतः सुरुंगाची भोकं पाडायचे, आई दगड उचलायची. मुरूम संपला, काळा पाषाण लागला, पाषाणाखाली पाषाण. श्रावणात गुडघाभर पाणी साचायचं, दिवाळीला तळ दिसायचा. वडिलांनी मला कधी दोष दिला नाही. नदी आहे, आपला हात पोचत नाही, एवढंच म्हणायचे. गावातही कुणी मला खोटं म्हटलं नाही. उलट एकदा दोन परके पुरुष आले आणि सोनं दाखवायला मुलगी एका रात्रीपुरती द्या म्हणाले. आईने हातातली शेणाची पाटी त्यांच्यावर ओतली. "पोर शाळेत जाती. सोन्याला येळ नाय तिला," म्हणाली. माझी शाळा न चुकता चालू राहिली, त्यात त्या दोघांचा वाटा आहे.

पुढे मी नाशिकला आले, लग्न केलं, ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान टाकलं. नळ्या, फिल्टर, व्हॉल्व्ह. पाण्याबद्दल मला जे कळतं ते नळीत शिरल्यानंतरचं.

गेल्या मे महिन्यात धाकट्या भावाचा फोन आला. त्याची डाळिंबाची बाग वाळत होती. चार बोअर कोरडे गेले होते. बोअरची गाडी एक दिवस मिळणार होती, मग ती पुढच्या गावांना जाणार होती. हा पाचवा आणि शेवटचा. पाणी लागलं नाही तर बाग काढायची, असं त्याने ठरवलं होतं. पण जमीन वडिलांच्या नावावर, आणि या वेळी वडील अडून बसले होते.

"आप्पा म्हणत्यात, ताई चालल्याशिवाय गाडी शेतात यायची नाय."

"पाणी शोधणारा मशीनवाला आणला होतास ना?"

"आणला. त्यानं लिंबापाशी खूण केली. तू ये, आप्पांच्या समोर चाल, अन् लिंबापाशी उभी राहा. बास."

"म्हणजे नाटक करू?"

"ताई, तुला काय नवीन हाय का त्यात?" तो हसला. त्याला खरं काही माहीत नव्हतं. ते कुणालाच माहीत नव्हतं.

सकाळी निघून दहाला पोचले. बाग पाहिली. पानं आत वळलेली, फळं सुपारीएवढी राहून तडकलेली. मला वाईट वाटायला हवं होतं. मी नळ्यांचे जोड तपासले. दोन गळत होते, ते बंद केले.

वडील शेताच्या कडेला खुर्चीवर बसले होते. आता ऐंशीच्या पुढे आहेत. शेजारी कमरेवर हात धरून एक चुलते उभे होते. मला पाहताच ते जमिनीवर पालथे झाले. "आली का बाई? आधी माझं काम कर." मी लाथ मारली. "जोरात मार की! नाशिकला जेवत न्हाई का?" पुन्हा मारली. ते कण्हत उठले आणि बरं वाटलं म्हणाले.

मग चप्पल काढून मी चालायला लागले. भाऊ लिंबाखाली उभा राहून दुसरीकडे बघत होता. दहा पावलं मागून काठीचा आवाज येत होता. लिंब चाळीसेक पावलांवर होता. तिथे जाऊन थांबायचं, एवढंच काम. काठीचा आवाज मागे पडायला लागला म्हणून मी हळू झाले. तरी तो मागेच पडत होता. मी नियम मोडून वळून पाहिलं. वडील धापा टाकत उभे होते, काठीवर दोन्ही हात, आणि नजर माझ्या पावलांवर.

मी परत त्यांच्यापाशी गेले.

"आप्पा, मला जमिनीखालचं काही कळत नाही. तेव्हाही कळलं नव्हतं. मला लघवीला लागली होती, म्हणून मी थांबले."

त्यांनी बांधाकडच्या विहिरीकडे पाहिलं. मग म्हणाले, "दोन उन्हाळे खणलं."

"हो."

"तुझ्या मायला सांगितलं होतं का?"

"नाही."

"बरं केलं. मशीनवाला कुठं म्हणतो?"

मी लिंबाकडे बोट दाखवलं. ते काठी टेकत खुर्चीकडे परत गेले.

गाडी दुपारी सुरू झाली. कॉम्प्रेसरच्या आवाजात बोलता येत नव्हतं, ते बरंच झालं. आधी मुरमाची पिवळी धूळ, मग पाषाणाची राखाडी. सगळे पांढरे झालो. दोनशे फुटांच्या आसपास लाल माती आली आणि ती ओली होती. भाऊ धावत पुढे गेला, मूठभर चिखल घेऊन वडिलांकडे आला. चुलत्यांनी नारळ आणायला माणूस पाठवला. तो माणूस परत येईपर्यंत पुन्हा कोरडी धूळ उडायला लागली होती.

चारशे फुटांवर गाडीवाल्याने मशीन थांबवली आणि विचारलं, "बाबा, अजून दोन रॉड टाकू?"

सगळे वडिलांकडे बघत होते. भाऊही. चारही बोअरना वडिलांनीच अजून खाली जा म्हणून सांगितलं होतं, आणि प्रत्येक वेळी गाडी अजून खाली गेली होती.

"बास," वडील म्हणाले. "उचला."

भावाने माझ्याकडे पाहिलं. काय झालं ते त्याला कळलं नाही. मी त्याला नंतर सांगितलं. तो शिव्या देईल असं वाटलं होतं, पण त्याने फक्त पाण्याची बाटली माझ्याकडे दिली.

गाडी गेल्यावर आम्ही दोघं बागेत फिरलो. विकतच्या टँकरचं पाणी किती झाडांना पुरेल याचा अंदाज मला होता. सगळी बाग काढायची गरज नाही, मी म्हणाले. यंदा बहार धरायचा नाही, फळं तोडून टाकायची, छाटणी करायची, खोडाभोवती उसाचं पाचट टाकायचं, जुन्या विहिरीकडच्या सहा ओळी जगवायच्या. बाकीच्या काढायच्या. तो आधी नाही म्हणाला, मग दहा ओळी म्हणाला. शेवटी सातवर आलो.

काढायच्या ओळींच्या नळ्या मी तेव्हाच गुंडाळायला घेतल्या. उन्हात पडून राहिल्या तर फुटतात. वडील खुर्चीतून उठून आले, नळीचं दुसरं टोक धरून उभे राहिले, आणि मी ओढेन तशी ते नळी सोडत गेले.