कुंकू लागलेला कंपायलर

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वागळे इस्टेटमधल्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात मी प्रोग्राम लिहीत असे. कॉम्प्युटरच्या खोलीत आम्ही दोघं होतो: मी आणि टिटवाळ्याहून येणारी एक सहकारी. दिवाळीपर्यंत स्टॉकचा प्रोग्राम नीट चालला नाही तर खोली बंद होईल आणि दोघांनी टायपिंगला बसायचं, असं मालकांनी सांगून टाकलं होतं.

प्रोग्राम चालताना कॉम्प्युटर प्रत्येक ओळ दर वेळी नव्याने समजून घेई. सकाळी काम लावलं की आकडे संध्याकाळी मिळत. कंपायलर नावाचा प्रोग्राम विकत घेतला तर तो हे समजून घेण्याचं काम एकदाच करून ठेवतो, हे मी मालकांना समजावलं.

"वजन किती त्याचं?" मालकांनी विचारलं. आजवर त्यांनी लेथसारखी वजनदार यंत्रंच विकत घेतली होती.

"वजन नाही साहेब. फ्लॉप्या येतात."

"मग पैसे कशाचे?"

"हत्याराचे," सहकारी म्हणाली. "टूलरूममध्ये कटर असतात ना, तसं."

मालकांनी चष्मा काढला. "हत्यार असेल तर खंडेनवमीच्या आत आणा. पूजेला लागेल."

कंपायलरचा खोका अष्टमीच्या संध्याकाळी आला. मी फ्लॉप्यांच्या कॉपी काढायला बसलो, तर मालकांनी दारातूनच थांबवलं. नव्या हत्याराला पूजेआधी हात लावायचा नाही, अशी कारखान्यात पद्धत होती.

नवमीला पाटावर कटर, पान्हे आणि मायक्रोमीटरशेजारी फ्लॉप्या मांडल्या. मी त्या पाकिटात ठेवल्या होत्या. मालकांनी बाहेर काढल्या. "पूजा तलवारीची करतात, म्यानाची नाही." मग त्यांनी प्रत्येकीला हळद-कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, फुलाने पाणी शिंपडलं.

"अरे, फ्लॉपीच्या खाचेतून आत तबकडीवर गेलं कुंकू," सहकारी कुजबुजली.

"मग सांग ना साहेबांना."

"तू सांग. मला टायपिंग येतं, तुला येत नाही."

दोघांपैकी कोणीच सांगितलं नाही.

दसऱ्यानंतर कारखाना उघडला. ड्राइव्हने पहिली फ्लॉपी बराच वेळ फिरवली आणि वाचता येत नाही असं कळवलं. दुसरीचंही तेच झालं. मालक मागे उभे होते. मी फ्लॉपी त्यांच्या हातात दिली. खाचेतून लाल डाग दिसत होता. ते केबिनमध्ये गेले आणि वितरकाला फोन करून दुसरा संच मागवला. या वेळी किंमत विचारली नाही.

"ह्याची पूजा नको," बाहेर येऊन ते म्हणाले. "झालेली आहे."

धनत्रयोदशीला स्टॉकचे आकडे जेवणाच्या सुट्टीआधी निघाले. मालकांनी गोडाऊनमध्ये जाऊन ते स्वतः पडताळले आणि आमच्या दाराला आणखी एक कुलूप बसवायला सांगितलं. तोवर दोन कुलपं फक्त टूलरूमला होती.