आत्यासमोर टेकलेले गुडघे

युगांडातल्या मसाका शहराजवळच्या एका गावात रोबिना नब्बोसा म्हणजे कुळातल्या साऱ्या पोरींची आत्या. लग्नाआधी पोरीला वळण लावायचं काम तिकडे आत्याचं. पाहुणा दिसला की गुडघे टेकायचे, त्याची खुशाली विचारायची, आपली विचारली तर 'बरी आहे' म्हणायचं. रोबिनाने तयार केलेल्या पोरीला सासरी कधी कोणी नाव ठेवलं नाही.

साठी उलटल्यावर तिने आणखी एक काम अंगावर घेतलं. बऱ्या न होणाऱ्या आजाऱ्यांच्या घरी जायचं, वेदना शमवणारं हिरवं औषध पोचवायचं, दुखणं किती ते पाच बोटांवर विचारून दवाखान्यातल्या नर्सला फोनवर कळवायचं. त्यावरून नर्स औषधाचं माप ठरवायची.

एडिसा तिचीच भाची. छातीचा कॅन्सर मणक्यापर्यंत पोचला होता. पहिल्या सोमवारी रोबिना गेली, तर एडिसा चटईवर गुडघे टेकून बसलेली.

"या आत्या. घरी सगळे बरे?"

"बरे. तू कशी आहेस?"

"बरी आहे."

"किती बोटं?"

एडिसाने एकच बोट वर केलं.

रोबिना फोनवर कौतुकाने म्हणाली, "अजून गुडघ्यांवर बसते हो. माप आहे तेच असू दे."

"नक्की ना?" नर्सने विचारलं.

"माझ्या हाताखालची पोर आहे. मला कळत नाही का?"

तीन सोमवार असेच गेले. चौथ्या सोमवारी केळीच्या बागेपर्यंत गेल्यावर छत्री राहिल्याचं लक्षात आलं, म्हणून ती परतली. एडिसाची मुलगी प्रॉसी आणि शेजारीण मिळून एडिसाला आडवं करत होत्या. एडिसाच्या दातांत फडका होता.

"तुम्ही यायच्या आधी तासभर हेच चालतं," प्रॉसी म्हणाली. "दोघी मिळून बसवतो तिला."

"मग मला सांगितलं का नाही?"

"कोणी सांगायचं? आत्यासमोर कण्हायचं नाही, हे तिला तुम्हीच शिकवलंत ना?"

एडिसाने फडका काढला. "प्रॉसी, मोठ्यांशी असं बोलू नये."

रोबिना तिच्या उशाशी जमिनीवर बसली. "आता खरं सांग. किती बोटं?"

एडिसाने अख्खा पंजा उघडला.

संध्याकाळी नर्स मोटारसायकलवरून आली आणि तिने माप वाढवलं. दुसऱ्या दिवशी एडिसा दुपारपर्यंत झोपली. उठून चार घास उकडलेली केळी खाल्ली, आणि पडल्या पडल्याच म्हणाली, "आत्या, अशी लोळत बोलतेय, सासूला सांगू नका हं."

"सासूला जाऊन दहा वर्षं झाली, गधडे."

"म्हणून तर जास्त भीती. आता तिकडे गाठ पडेल."

दोघी हसल्या. असे सहा दिवस मिळाले. सातव्या सकाळी एडिसा गेली.

रोबिना आजही घरोघर जाते. आत शिरल्या शिरल्या आधी स्वतः चटईवर बसते, आजाऱ्याला उठू देत नाही. लोक म्हणतात, केवढी माया म्हातारीला. पण पुरेल एवढं औषध पहिल्या सोमवारपासून तिच्याच पिशवीत होतं, आणि ती भाचीचं वळण बघून सुखावत बसली होती.