पाण्याच्या रकान्यात निरंक

विदर्भ मुंबई राज्यात गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी आमच्या गावात आरोग्य समिती झाली. गाव तालुक्याचं, यवतमाळपासून मोटारीनं अडीच तासांवर, आणि मी तिथला सॅनिटरी इन्स्पेक्टर. हुद्दा भारदस्त, काम मात्र नाल्या हुंगत फिरायचं. समितीची सभा दर महिन्याला शाळेच्या व्हरांड्यात भरायची. अध्यक्ष, दवाखान्याचे डॉक्टर, दोन-तीन दुकानदार आणि टिपणं लिहायला मी. चहा संपला की सभा संपायची. मला त्या सभांचा मनापासून कंटाळा होता आणि तो मी फारसा लपवतही नसे.

भिजत घोंगडं होतं ते बाजारातल्या नालीचं. ती बाजारातच संपायची. कापसाच्या गाड्यांच्या बैलांचं शेणमूत, हॉटेलांचं खरकटं पाणी, सगळं अध्यक्षांच्या घरासमोर येऊन साचायचं. शेवटी ठरलं, की नाली पुढं खोदून गावाबाहेरच्या ओढ्यात सोडायची. फक्त त्याआधी खालच्या अंगाला कोण राहतं आणि कुठलं पाणी पितं, याची पाहणी करून एक छापील तक्ता भरायचा होता. असली कामं माझ्याच गळ्यात पडायची.

खालच्या अंगाला अर्ध्या मैलावर बंजाऱ्यांचा तांडा होता. पोळ्याच्या आधी, चिखलात रुतणारे जोडे हातात घेऊन, मी तिथं पोचलो. ओढा गढूळ पाण्यानं दोन्ही काठ भरून वाहत होता. तांड्याच्या नायकानं मला बाजेवर बसवलं. त्यांच्याकडं पाहुण्याच्या हाती आधी पाणी, मग बोलणं. नायकाची बायको राखेनं घासलेला पितळी तांब्या घेऊन आली. पाणी नितळ होतं, थंडगार होतं. मी ते घटाघटा प्यालो, मिशा पुसल्या आणि तक्ता काढला.

"विहीर हाय काय इथं?"

"नाही, साहेब."

"टाकं?"

"ते बी नाही."

तक्त्यात एवढेच दोन रकाने होते. दोन्हींत मी 'निरंक' लिहिलं, खाली 'नाली सोडण्यास हरकत नाही' असा शेरा मारला आणि उठलो. आत्ताच प्यालेलं पाणी कुठून आलं, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. पाऊस भरून आला होता आणि मला घर गाठायची घाई होती.

ते पाणी झिऱ्याचं होतं. ओढ्याच्या काठच्या वाळूत हातभर खड्डा करायचा, पहिलं गढूळ पाणी उपसून फेकायचं, मग पाझरून येईल ते वाटीवाटीनं घागरीत भरायचं. तांडा बारा महिने तेच प्यायचा. मी याच जिल्ह्यात वाढलो. मामाच्या गावी मीही झिऱ्यावर ओणवा होऊन पाणी प्यालेलो आहे. तेव्हा मला हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

चैत्र सरता सरता ओढा आटला. आता त्यात वाहत होती ती फक्त आमची नाली. त्या महिन्याच्या सभेला नायक आला आणि व्हरांड्याच्या पायरीशी उभा राहिला.

"झिऱ्यात काळं पाणी येऊन राह्यलं, साहेब," तो अध्यक्षांना म्हणाला. "लेकरं हगवणीनं पडली. माही बायको तीन दिवसांपासून उठली नाही. त्या नालीचं तोंड दुसरीकडं फिरवा."

अध्यक्षांनी फाईल उघडून माझा तक्ता वाचून दाखवला. "इथं तं लिहेल हाय, तांड्यात पिण्याचं पाणी निरंक. जे नाहीच, ते खराब कसं होईन?"

एक दुकानदार हसला. डॉक्टर चष्मा पुसत बसले.

नायकाला वाचता येत नव्हतं, पण तो कागद कोणी भरला हे त्याला ठाऊक होतं. तो माझ्याकडं पाहत राहिला. 'चूक माझी आहे.' तीनच शब्द म्हणायचे होते. पण यवतमाळच्या वरिष्ठांची तपासणी तोंडावर आली होती, आणि चुकीचा तक्ता भरला म्हणून नोकरी जाईल या भीतीनं माझी जीभ उचलली नाही. मूग गिळून मी टिपणं लिहीत राहिलो. विषय पुढच्या सभेवर गेला. मला आजही त्या दुपारची शरम वाटते.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी ब्लीचिंग पावडरची थैली देऊन मला तांड्यावर पाठवलं. नायकाची बायको आदल्या दिवशी गेली होती. नायकानं बाज पुढं ओढली, मी बसलो. ऊन मी म्हणत होतं, घशाला कोरड पडली होती. शेवटी मीच पाणी मागितलं.

"तुमच्या कागदावर तं आमच्या घरी पाणीच नाही, साहेब," नायक म्हणाला. आवाज चढलेला नव्हता.

मी थैली तिथंच ठेवली आणि चालत परत आलो. पुढच्या सभेपर्यंत थांबायचा धीर उरला नव्हता. तसाच अध्यक्षांच्या घरी गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं: झिरा, तांब्या, निरंक. माझी रवानगी आता कुठं होते, याची वाट पाहत राहिलो.

अध्यक्ष पान लावत होते. "मंग हे आधी काहून नाही सांगतलं?" ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी चार माणसं लावली.

पुढं जिल्हा परिषद आली, तक्ते बदलले, मी निवृत्त होईपर्यंत असे कितीतरी भरले. त्या चुकीपायी माझी नोकरी गेली नाही. साधी ताकीदसुद्धा मिळाली नाही. नालीचं तोंड फिरवायला सगळे मिळून दोन दिवस लागले.