ऊनवाले

आमच्या ह्यांना सगळे ऊनवाले म्हणतात. गाड्यांचे एसी दुरुस्त करणाऱ्या माणसाला असलं नाव! पण चिकटलं ते चिकटलं. डॅशबोर्डवर, पुढच्या काचेच्या बुडाशी, वाटाण्याएवढा काळा सेन्सर असतो. ऊन किती पडतंय ते तो एसीला सांगतो, आणि एसी त्या मानाने वारा वाढवतो. गाडी आली की हे आधी तिथे बघणार. त्यावर लोकांनी हमखास काहीतरी अंथरलेलं, नाहीतर पॉलिश चोपडलेलं. ओल्या मऊ फडक्याने पुसायचं, तळहाताने झाकून वारा कमी होतो का बघायचं आणि ‘काही झालं नव्हतं’ म्हणून गिऱ्हाईक परत पाठवायचं. धंदा असा करतात का, म्हणून मी चिडायची.

हे सगळं ह्यांनीच धाकट्या भावाला शिकवलं. सासऱ्यांचं वर्कशॉप दोघांचं. माझा दीर हुशार, त्याने नेमकं नको ते उचललं. शेडमध्ये ट्यूबलाइटखाली स्कॅनर लावला, तर ऊन न मिळाल्यामुळे चांगला सेन्सरही बिघडलेला दिसतो. नवखे मेकॅनिक इथे चुकतात. दीर मात्र गिऱ्हाइकाला मुद्दाम शेडमध्ये बोलवायचा, स्क्रीनवरचा दोष दाखवायचा आणि नवा सेन्सर गळ्यात मारायचा. ह्यांनी घरात कितीदा बजावलं. “हो दादा, हो दादा,” आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

एका दुपारी तो एका निवृत्त शिक्षिकेला स्क्रीन दाखवत होता. हे हातातलं काम टाकून पुढे आले.

“बाई, गाडी जरा उन्हात काढा.”

“दादा, तू तुझं बघ ना.”

“बाहेर काढा, मग स्कॅनर लावू.”

बाहेर लावला, दोष गायब. बाई दिराकडे बघत राहिल्या आणि गाडी घेऊन गेल्या.

संध्याकाळी सासूबाई ह्यांच्यावरच तुटून पडल्या. “परक्या बाईपुढे भावाची लाज काढलीस!”

“आई, तो लोकांना फसवतोय.”

“मग घरात बोलायचंस!”

घरात बोलून ह्यांच्या तोंडाला फेस आला होता, तो कुणाला दिसला नाही. मी तोंड उघडलं, तर सगळी फूस माझीच ठरली. शटरची किल्ली दिराकडे गेली. हे हत्यारांची पेटी उचलून निघाले आणि पन्नाशीत दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये नोकर म्हणून उभे राहिले. माझा नुसता जळफळाट होत होता. हे म्हणायचे, “निदान त्या बाई तरी वाचल्या.” त्या एका गोष्टीवर ते तग धरून होते.

परवा त्या बाई आम्हा दोघांना बाजारात भेटल्या.

“अहो, तुम्ही वर्कशॉपमध्ये दिसत नाही हल्ली? तुमचे धाकटे बंधू किती गोड आहेत हो! काळजीने सांगत होते, दादाचं डोकं अलीकडे ठिकाणावर नसतं.”

हे कसनुसं हसले. “गाडी बरी आहे ना?”

“उत्तम! तो सेन्सर बदलून घेतला मी. त्यांनी पुन्हा शेडमध्ये लावून दाखवलं. बिघडलेलाच होता.”

माझ्या जिभेवर आलं होतं सगळं. ह्यांनी माझा हात दाबला.

“बरं केलंत,” हे म्हणाले.

एवढ्या वर्षांच्या संसारात ह्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं खोटं.