बकारामची भिंत

दवनीवाड्यात बस थांबते तिथेच बकारामचं घर, आणि रस्त्याकडची त्याची मातीची भिंत बसमधून उतरणाऱ्याच्या नजरेत पहिली भरायची. निवडणूक आली की अशा भिंतीसाठी लोक चहा पाजतात, पाया पडतात. बकारामने १९९९ साली कुणाचाच चहा घेतला नाही. स्वतः गेरू कालवला आणि सेवकराम गुरुजींचं नाव लिहिलं. अक्षर असं वळणदार की येणारेजाणारे थांबून बघायचे. ते वळण गुरुजींनीच लावलेलं. बिरसीहून सायकलने येऊन त्यांनी या गावच्या शाळेत अर्धी नोकरी काढली होती, आणि चौथीतल्या बकारामचा हात धरून अक्षरं गिरवून घेतली होती.

गुरुजी आमदारकीला उभे राहिले आणि सपशेल आपटले. निवडून आला दुसऱ्या पक्षाचा हिरालाल, तांदळाच्या गिरणीचा मालक. निकालाच्या दिवशी मांडवात उरले गुरुजी, बकाराम आणि भाड्याच्या खुर्च्या. बकाराम लहान पोरासारखा रडला. गुरुजी म्हणाले, "रडून कायले राहिला? पऱ्हे उपटल्याशिवाय धान होते का? आपल्याले लोकायनं उपटलं. आता नीट रोवून घेऊ." पऱ्हे म्हणजे भाताची रोपं; वाफ्यातून उपटून ती पुन्हा रोवल्याशिवाय पीक येत नाही.

आणि झालंही तसंच, हे कबूल करायलाच हवं. ठेक्यासाठी चिकटलेले सगळे पक्षातून पसार झाले. उरलेल्यांना गमावण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ते खरं बोलू लागले. गुरुजी आणि बकाराम सायकलींवर गावोगाव हिंडले. धान खरेदी केंद्रावर शेतकऱ्यांची पोती भिजली, तेव्हा हे दोघं त्यांच्याबरोबर रांगेत बसून राहिले. कधी नव्हे ते लोक पक्षाचं नाव आदराने घेऊ लागले. ती निवडणूक जिंकली असती तर यातलं काहीच घडलं नसतं.

पण वाढलेल्या पक्षाकडे सगळ्यांचं लक्ष जातं. पाच वर्षांनी हिरालालला आपल्या पक्षात तिकीट मिळेना, तेव्हा तो इकडे, गुरुजींच्या पक्षात, आला. जिल्हाध्यक्षांनी त्याला घेतलंही. अडचण एकच होती, गुरुजी. ते अपक्ष उभे राहिले तर दोघंही बुडणार. त्यांना समजावणारा माणूस जिल्ह्यात एकच, म्हणून बकारामला बोलावून खुर्ची दिली, पाठीवर हात ठेवला. खुर्चीवर बसायची सवय नसलेला माणूस लवकर विरघळतो. पक्ष निवडून येणार, आपण रुजवलेला पक्ष, या विचाराने तो हरखून गेला होता.

रोवणीचे दिवस होते. गुरुजी बांधीत, भाताच्या खाचरात, चिखलात उभे होते. बकाराम बांधावरूनच म्हणाला, "गुरुजी, तुमीच सांगतलं होतं. पऱ्हे उपटावेच लागते."

गुरुजींनी हातातली पऱ्ह्यांची जुडी खाली ठेवली.

"हो," ते म्हणाले. "सांगतलं होतं मी."

त्यांनी अर्ज भरला नाही. बकारामने स्वतःच्या भिंतीवर चुना फासला आणि त्यावर हिरालालचं नाव लिहिलं, तेच वळण, तीच गोलाई. बायको नंदाबाई दारात उभी राहून बघत होती.

हिरालाल दणक्यात निवडून आला. दिवाळी झाली, मंडई आली. आमच्याकडे मंडई म्हणजे नुसती जत्रा नव्हे. त्या दिवशी पाव्हणे ठरलेल्या घरी येतात, जेवतात आणि मग नाटक बघायला जातात. गुरुजींचं ठरलेलं घर बकारामचं. निवृत्तीनंतरही त्यांची एक मंडई चुकली नव्हती. या वर्षी ते येणार नाहीत, असं बकारामने धरूनच टाकलं. नंदाबाईने तांदूळ-गुळाचे अरसे तळले, तर म्हणाला, कुणासाठी करतेस? आणि आमदाराला हार घालायला दुपारपासूनच मंचाशी जाऊन उभा राहिला.

मंचावर जिल्हाध्यक्ष सांगत होते की एका पराभवाने पक्षाला शहाणं केलं. टाळ्या पडल्या. हार घालणाऱ्यांची रांग लांबली, आमदारांना घाई होती, आणि बकारामचा हार त्याच्या हातातच राहिला.

तो घरी आला तेव्हा ओसरीवर उष्टं ताट होतं.

"गुरुजी आले होते," नंदाबाई म्हणाली. "लय वाट पायली तुमची. भिंतीकडे पाहत बसले होते."

बकारामने हार खाली ठेवला. "काय म्हणाले?"

"म्हणाले, त्याले सांगजो, अक्षर अजून चांगलं आहे."

दुसऱ्या दिवशी बिरसीला जायचं त्याने ठरवलं, आणि गेला नाही. कोणत्या तोंडाने जाणार? धान निघू दे, मग जाऊ, असं करता करता थंडी आली, आणि थंडीतच एका सकाळी गुरुजी गेल्याचा निरोप आला. शोकसभेत मोठे लोक आले. पराभवाने पक्ष कसा घडला, ते पुन्हा सांगून झालं. खोटं त्यात काहीच नव्हतं, म्हणूनच बकारामला ते ऐकवेना. रोवणी संपली की उरलेल्या जुड्या बांधावर पिवळ्या पडतात, त्यांचं कुणी बोलत नाही.

तो घरी आला, विळा घेतला आणि भिंत खरवडू लागला. चुन्याखाली गुरुजींचं नाव असेल, असं त्याला वाटत होतं. पण चुन्याबरोबर गेरूचेही पोपडे निघाले आणि नुसती माती उरली. तरी तो खरवडतच राहिला.

नंदाबाईने येऊन त्याचा हात धरला. "आता कायले खरवडून राहिले?" ती म्हणाली. "वाचणारा गेला."